पक्ष सोडला, आमदारकी कुणाची?

मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवाद्यांचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या खुनाला दोन महिनेही झाले नव्हते. काँग्रेसने फेब्रुवारीत आपली नवी घटना करताना ठरवून टाकले होते की, पक्षाच्या पोटात वेगळी घटना आणि वेगळी शिस्त असलेला दुसरा पक्ष यापुढे चालणार नाही. १९३४ पासून काँग्रेसमध्ये राहून तिला डावीकडे वळवू पाहणाऱ्या मंडळींपुढे आता दोनच वाटा उरल्या: आपला पक्ष मोडायचा किंवा काँग्रेस सोडायची. नाशिकमध्ये त्यांनी काँग्रेस सोडायचे ठरवले. ज्या गावच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, नानासाहेब गोरे, अशोक मेहता यांच्या चर्चांमधून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली होती, त्याच गावात हा काडीमोड झाला.

आचार्य नरेंद्र देव बाहेर पडायला मनापासून राजी नव्हते. पाटण्याला १९३४ मध्ये भरलेल्या समाजवाद्यांच्या पहिल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. बौद्ध तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि दम्याने आयुष्यभर जेरीला आणलेला माणूस. कृपलानींनी १९४७ च्या अखेरीस काँग्रेसचे अध्यक्षपद सोडले, तेव्हा त्या जागेसाठी गांधीजींच्या मनात ज्यांची नावे होती त्यांत नरेंद्र देवांचे नाव होते. अशा माणसाला तीस वर्षांचे घर सोडणे जड गेले असणारच. पण सहकाऱ्यांनी निर्णय घेतल्यावर त्यांनी तो मानला आणि आणखी एक पाऊल पुढे टाकले. संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या विधानसभेत ते आणि त्यांचे जवळपास डझनभर सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. म्हणून त्या सगळ्यांनी पक्षाबरोबर आमदारकीचेही राजीनामे दिले. असे करायला कोणताही कायदा त्यांना भाग पाडत नव्हता. समोरच्या बाकांवर जाऊन बसले असते, तर कुणी हरकतही घेऊ शकले नसते.

पक्ष सोडणारा प्रत्येक नेता तत्त्वाचे नाव घेतो. ते खरे की खोटे हे पाहायला त्याच्या मनात कुणाला शिरता येत नाही. त्यामुळे बाहेरून दिसणारी काहीतरी खूण हवी असते, आणि ती खूण म्हणून नरेंद्र देवांचे उदाहरण आजवर सांगितले जाते: ज्या पक्षाने दिले, त्याला परत केले आणि पुन्हा लोकांपुढे गेले. महाराष्ट्राने २०१९ नंतर आणि विशेषतः २०२२ नंतर जे पाहिले, त्यामुळे हे उदाहरण आता आपल्याकडे वारंवार निघते. ते निघावे, याबद्दल मला शंका नाही. मात्र ते सांगताना त्या राजीनाम्याचे पुढे काय झाले, हे बहुतेकदा सांगितले जात नाही. ते सांगितल्याशिवाय हा विचार प्रामाणिकपणे करता येणार नाही.

आधी एक गल्लत दूर करू. आपण तीन निरनिराळ्या राजीनाम्यांबद्दल एकाच सुरात बोलतो. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले; हिंदू कोड बिल आणि इतर मतभेदांमुळे डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. हे मंत्रिपदाचे राजीनामे होते. सरकारचा सामुदायिक निर्णय पटत नसेल तर मंत्र्याने बाहेर पडावे, हा संसदीय पद्धतीचा सरळ नियम आहे आणि त्यावर फारसा वाद नाही. पक्षाचा राजीनामा ही दुसरी गोष्ट; तो माणूस आणि त्याची संघटना यांच्यातला व्यवहार आहे. तिसरा राजीनामा विधिमंडळातल्या किंवा संसदेतल्या जागेचा, आणि खरा वाद त्यावर आहे, कारण ती जागा माणसाचीही नसते आणि पक्षाचीही पूर्णपणे नसते.

जागा परत करावी, या बाजूचा युक्तिवाद मजबूत आहे. आपल्याकडे मतदार यंत्रावरचे बटण दाबतो तेव्हा उमेदवाराच्या नावाबरोबर चिन्हही पाहतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत चिन्हच आधी पाहतो. १९४६ च्या ज्या निवडणुकीत नरेंद्र देव निवडून आले, तीत तर काँग्रेसचे तिकीट म्हणजे स्वातंत्र्याला मत, असाच अर्थ होता. त्या तिकिटावर मिळालेली जागा घेऊन काँग्रेसविरुद्ध बसायचे, तर ज्यांनी मत दिले त्यांना एकदा विचारायला हवे, असे त्यांना वाटले. हा सभ्यपणा होताच. शिवाय प्रतिनिधित्वाबद्दलची एक स्पष्ट भूमिकाही त्यात होती.

पण या युक्तिवादाला एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. बदलले कोण? समाजवादी जिथे होते तिथेच होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये दार लावून घेतले ते काँग्रेसने. पक्ष जाहीरनाम्यातले वचन मोडतो, आपल्याच जुन्या भूमिकेच्या उलट जातो, आणि जो सदस्य जुन्या भूमिकेला धरून राहतो त्याला मात्र बंडखोर ठरवले जाते. अशा वेळी मतदाराशी इमान कुणी राखले? ज्याने वचन पाळले त्याने घर सोडायचे आणि ज्यांनी मोडले त्यांनी सत्तेत राहायचे, हा न्याय उफराटा वाटतो. पक्ष म्हणजे दिल्लीत किंवा मुंबईत बसलेली चार-पाच माणसे, असे एकदा मान्य केले की प्रत्येक आमदार त्यांचा नोकर होतो.

हे मला पटते, तरीही यातून मार्ग निघत नाही. कारण बदलले कोण, याचे उत्तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. २०२२ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडलेल्यांचे म्हणणे हेच होते की आम्ही मूळ विचारावर आहोत, नेतृत्व भरकटले. २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडली तेव्हाही दोन्ही गट पक्ष आमचाच म्हणत होते. ते खरे की खोटे हे निवडणूक आयोगाने संघटनेतली आणि सभागृहातली डोकी मोजून ठरवणे किंवा विधानसभा अध्यक्षांनी कागदपत्रे पाहून ठरवणे, हा आपण पत्करलेला मार्ग आहे. जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांपैकी एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. तो निकाल कायद्यात बसत असेल किंवा नसेल. ‘मतदाराशी इमान कुणी राखले’ या प्रश्नाला त्याने हातही लावला नाही, आणि लावूही शकत नव्हता. तो खटला चालवण्याची जागा एकच आहे, मतदारसंघ. म्हणून पक्ष बदलला असो की माणूस, निवाडा मागायला मतदारांकडे जावे, असे मला वाटते.

आता त्या मतदारसंघात काय होते ते पाहू. नरेंद्र देवांचा मतदारसंघ फैजाबाद. हे त्यांचे घरचे शहर, वडिलांची वकिली तिथली, आणि अयोध्या त्याला लागूनच. १९४८ च्या उन्हाळ्यात पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाबा राघवदासांना उभे केले. हे राघवदास मूळचे पुण्याचे, मराठी घरातले. प्लेगने घरची माणसे गेल्यावर ते लहान वयात उत्तरेकडे गेले आणि देवरियाजवळच्या बरहजला आश्रम चालवू लागले. पूर्वांचलात त्यांना मोठा मान होता. कुष्ठरोग्यांची सेवा, स्वातंत्र्यलढ्यातले तुरुंगवास, आणि पुढे भूदानातले काम हे सारे त्यांच्या नावावर आहे. म्हणजे उमेदवार उचलून आणलेला, पण क्षुल्लक माणूस नव्हे.

प्रचार मात्र समाजवादावर झाला नाही. पक्षांतर्गत पक्ष असावा की नसावा, यावरही झाला नाही. प्रांताचे मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत स्वतः प्रचाराला उतरले आणि मुद्दा काढला गेला तो असा की नरेंद्र देव नास्तिक आहेत, रामाचे देवत्व मानत नाहीत. अयोध्येने अशा माणसाला निवडून द्यायचे का? हे पंत आणि हे नरेंद्र देव १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षे अहमदनगरच्या किल्ल्यात एकत्र कैदेत होते. त्याच किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि त्याच्या प्रस्तावनेत ज्या सोबत्यांच्या विद्वत्तेचा आपल्याला फायदा झाला म्हणून सांगितले, त्यांत ही दोन्ही नावे आहेत. किल्ल्यातल्या बराकीत नरेंद्र देव दम्याने कासावीस होत असताना ज्यांनी पाहिले, त्यांच्या श्रद्धा-अश्रद्धेबद्दल ज्यांना तुरुंगातल्या रोजच्या सहवासातून ठाऊक होते, त्यांनीच ती गोष्ट चौकात नेली.

नरेंद्र देव सुमारे तेराशे मतांनी पडले. मताधिकार तेव्हा मर्यादित होता, एकूण मतेच थोडी होती. त्या हिशेबात हा फरक लहान नव्हता. प्रांतभर झालेल्या त्या पोटनिवडणुकांत समाजवाद्यांचे पानिपत झाले. पुढे दीड वर्षाने, २२ डिसेंबर १९४९ च्या रात्री, अयोध्येतल्या बाबरी मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या. एका घटनेने दुसरी घडवली, असे म्हणायला आधार नाही आणि मी म्हणत नाही. पण रामाच्या नावावर मते मागता येतात आणि ती काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यालाही मागावीशी वाटतात, हे त्या उन्हाळ्यात फैजाबादने पाहिले होते. त्या वेळी विधानसभेत नरेंद्र देवांसारखा माणूस नव्हता. राजीनाम्याची ही किंमत मोजल्याशिवाय त्याची थोरवी गाता येत नाही.

दुसरी किंमत शेतकऱ्यांच्या बाजूची. जमीनदारी नष्ट करण्याचा प्रश्न उत्तर प्रदेशात त्याच दोन-तीन वर्षांत निकालात निघत होता. पंतांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल १९४८ मध्ये आला, विधेयक १९४९ मध्ये मांडले गेले, ते मंजूर व्हायला १९५१ उजाडले. जमीनदारांना भरपाई द्यायला समाजवाद्यांचा कडाडून विरोध होता. हा विरोध सभागृहात कलमावार मांडायला, दुरुस्त्या सुचवायला, मंत्र्याला उभे करून प्रश्न विचारायला ती डझनभर माणसे तिथे असती तर निकाल बदलला असता, असे नाही. बहुमत काँग्रेसचेच होते. पण कायदा घडताना सभागृहात नोंदला जाणारा विरोध आणि बाहेर मोर्चात दिलेली घोषणा यांत फरक असतो. ज्या कुळांसाठी पक्ष सोडला, त्यांचीच बाजू सभागृहात मांडायला कुणी उरले नाही. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे.

यातून काय घ्यायचे? काही जण म्हणतील, राजीनामा ही भाबडी चूक होती. मतदारांपुढे गेल्यावर तुम्ही ज्या प्रश्नावर कौल मागता, त्यावरच तो मिळेल याची खात्री नसते. सत्ताधारी पक्ष प्रश्न बदलून टाकतो. हे खरे आहे. तरीही मी नरेंद्र देवांना चूक म्हणणार नाही. समजा, ते जागेवर बसून राहिले असते. पंतांनी तेव्हाही हल्ला केलाच असता आणि त्या वेळी त्यांच्या हातात एक खरा मुद्दा असता: आमच्या तिकिटावर निवडून येऊन आमच्याच विरुद्ध बसले आहेत. राजीनाम्याने तो मुद्दा काढून घेतला म्हणूनच प्रतिपक्षाला शेंडी-जानवे आणि रामनामाकडे वळावे लागले. फैजाबादचा दोष राजीनामा देणाऱ्याच्या माथी नाही, प्रचार करणाऱ्यांच्या माथी आहे. आणि नरेंद्र देव तिथे संपले नाहीत. १९५२ मध्ये ते राज्यसभेवर गेले, बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाले, प्रजा समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. १९५६ च्या फेब्रुवारीत ते वारले, तोपर्यंत त्यांच्या पक्षांतराच्या हेतूबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही. सार्वजनिक जीवनात ही मिळकत लहान नाही.

मग जागा परत केली की माणूस तत्त्वनिष्ठ ठरला, असे म्हणायचे का? इथे आपल्या काळाने हे माप मोडून ठेवले आहे. जुलै २०१९ मध्ये कर्नाटकात काँग्रेस आणि जनता दलाच्या सतरा आमदारांनी पक्ष आणि सरकार अडचणीत आणले. बहुतेकांनी आमदारकीचे राजीनामे दिले. त्यांना अध्यक्षांनी अपात्र ठरवले, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. डिसेंबरमध्ये पंधरा जागांसाठी मतदान झाले, भाजपने बारा जिंकल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निवडून आलेल्यांपैकी दहा जण मंत्री झाले. मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात बावीस आमदारांनी हाच रस्ता धरला. वरवर पाहिले तर यांनीही नरेंद्र देवांनी केले तेच केले: पक्ष सोडला, जागा सोडली, लोकांपुढे गेले. पण सभागृहातली संख्या खाली आणून सरकार पाडणे आणि दुसऱ्या बाजूने मंत्री होऊन परतणे, हा त्या राजीनाम्याचा उपयोग होता. पक्षांतरबंदीच्या कायद्याला वळसा घालण्याची ती वाट ठरली.

म्हणून मी राजीनाम्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहतो: माणूस कुठून कुठे गेला. नरेंद्र देव सत्तेच्या बाकांवरून उठले ते कुठल्याच बाकावर बसले नाहीत. सत्तेकडून सत्तेच्या बाहेर जाणारा आणि विरोधातून सत्तेत जाणारा यांना एकाच रांगेत उभे करता येत नाही, दोघांच्या तोंडी तीच भाषा असली तरी. साताऱ्याचे उदाहरण याच्या मधे कुठेतरी पडते. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले, सप्टेंबरमध्ये खासदारकी सोडून केंद्रात आणि राज्यात सत्तेवर असलेल्या भाजपमध्ये गेले, आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीला सामोरे गेले. साताऱ्याने श्रीनिवास पाटलांना निवडून दिले. दिशा सत्तेकडची होती हे खरे. पण जागा सोडून, पडण्याचा धोका पत्करून ते गेले आणि पडलेही. ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने त्यांना भाजपचे खासदार म्हणून निवडून दिले. मतदारांना विचारले गेले आणि त्यांनी दोन वेळा दोन उत्तरे दिली, यात मला काहीच वावगे दिसत नाही.

दिशेचे माप तरी पक्के आहे का? जगजीवन राम २ फेब्रुवारी १९७७ ला इंदिरा गांधींच्या काँग्रेसमधून बाहेर पडले. आणीबाणीला मान्यता देणारा ठराव जुलै १९७५ मध्ये लोकसभेत त्यांनीच मांडला होता. पुढचे दीड वर्ष ते मंत्रिमंडळात होते. निवडणुका जाहीर झाल्यावर दोन आठवड्यांनी त्यांना हुकूमशाही असह्य झाली. हेच दीड वर्ष मोहन धारियांनी कसे काढले, ते पुणेकरांना आठवत असेल. जयप्रकाशांशी बोलणी करा, असे उघडपणे म्हटल्याबद्दल मार्च १९७५ मध्ये त्यांचे राज्यमंत्रिपद गेले. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. दोघांपैकी तत्त्वनिष्ठ कोण, हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. पण १९७७ च्या निवडणुकीत लोकांच्या मनातली भीती कुणाच्या बाहेर पडण्याने जास्त उतरली, असे विचारले तर उत्तर जगजीवन राम असेच द्यावे लागेल. बाबूजी गेले म्हणजे सरकार पडू शकते, असे उत्तरेतल्या गावागावांत लोकांना वाटू लागले. उशिरा आलेले धैर्य कमी प्रतीचे असेल, पण देशाच्या उपयोगी पडले. हेतू शुद्ध असलेल्या माणसांचीच कृती स्वीकारायची असे ठरवले, तर राजकारणात कुणाचीच कृती स्वीकारता येणार नाही. माणसाचे मूल्यमापन आणि त्याच्या राजीनाम्याचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते.

आता कायद्याकडे येऊ. १९६७ च्या निवडणुकांनंतर राज्याराज्यांत आयाराम-गयारामांचा सुळसुळाट झाला. त्यावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष त्या वेळचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. समितीपुढे आलेले आकडे आजही वाचावेत असे आहेत. १९६७ च्या आधीच्या दहा वर्षांत सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती. त्यानंतरच्या एका वर्षात ४३८. राज्यांतल्या पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती. निम्म्याहून अधिक. चव्हाण समितीने नेमके या दुखण्यावर बोट ठेवले आणि पक्षांतर करणाऱ्याला काही काळ, किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नये असे सुचवले.

१९८५ मध्ये कायदा आला तो मात्र वेगळ्या तर्काचा. दहाव्या परिशिष्टाने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या एकट्या सदस्याची जागा काढून घेतली आणि एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर ती ‘फूट’ म्हणून मान्य केली. २००३ मध्ये फुटीचे कलम गेले, दोन तृतीयांशांचे विलीनीकरण राहिले. याचा सरळ अर्थ असा की सदसद्विवेकाने वागणारा एकटा असेल तर गुन्हेगार, आणि सौदा करणारे पुरेसे जास्त असतील तर निर्दोष. नरेंद्र देव आज विधानसभेत असते आणि एखाद्या विधेयकावर पक्षाविरुद्ध मत देते, तर त्यांची आमदारकी गेली असती. त्यांच्याऐवजी दोन तृतीयांश आमदार घेऊन कुणी सत्ताधारी पक्षात गेला असता, तर त्याचे केसही वाकडे झाले नसते.

गोव्याने हे सर्वांत जवळून पाहिले आहे. पक्ष ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ठरला तो गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात, १९९४ मध्ये. लेखी राजीनामा दिला नाही तरी वागणुकीवरून तसा अर्थ काढता येतो, असे न्यायालयाने म्हटले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये ‘विलीन’ होऊन दाखवले. मग २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. तीन धर्मांच्या देवस्थानांपुढे हात जोडून उभे राहिलेले उमेदवार गोवेकरांनी पाहिले. अकरा निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश होतात. आठ पुरेसे होते. ज्या मतदाराने त्या शपथेवर विश्वास ठेवून मत दिले, त्याला विचारायला कुणी गेले नाही, कारण कायद्याने तशी गरजच ठेवलेली नाही.

कुणी म्हणेल, मग कायदाच असा करा की पक्ष सोडला, एकट्याने किंवा घाऊक, की जागा गेलीच. नरेंद्र देवांनी स्वखुशीने केले ते सगळ्यांना सक्तीने करायला लावा. विलीनीकरणाची पळवाट काढून टाकावी, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र सक्ती पक्ष सोडण्यापुरतीच असावी. प्रत्येक मतदानाला ती लागू नये. आज पक्षादेश मोडणे हेही पक्ष सोडण्याइतकेच महाग आहे. त्यामुळे पक्षात राहून, धारियांसारखे उघड मतभेद मांडून, एखाद्या विधेयकावर वेगळे मत देण्याची वाट आमदाराला बंद झाली आहे. सरकार टिकण्याशी ज्यांचा संबंध आहे असा विश्वासदर्शक ठराव, धनविधेयक, राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा ठराव, एवढ्यांपुरताच पक्षादेश बंधनकारक ठेवावा, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. हे झाले असते तर पक्ष सोडण्याची वेळच अनेकांवर आली नसती. तत्त्वासाठी पक्ष सोडणे हा शेवटचा मार्ग असायला हवा. आपल्या कायद्याने तो पहिला आणि एकमेव करून ठेवला आहे.

चव्हाण समितीची जुनी सूचना २००३ मध्ये अर्धवट स्वीकारली गेली: अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाही. पण निवडून आला की तो लगेच मंत्री होऊ शकतो, आणि कर्नाटकात दहा जण तसे झाले. माझ्या मते मुदतीच्या मध्येच पक्ष सोडणाऱ्याला, तो राजीनामा देऊन पुन्हा निवडून आला तरी, त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद किंवा महामंडळ मिळू नये. नरेंद्र देवांना याने काहीच फरक पडला नसता. ज्यांना पडेल, त्यांनाच थांबवायचे आहे.

याविरुद्ध एक गंभीर हरकत आहे. समजा, एखादा आमदार खरोखरच चांगला प्रशासक आहे, पक्षाच्या भ्रष्टाचाराला कंटाळून बाहेर पडला, लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले. त्याला दोन-तीन वर्षे मंत्रिपदापासून दूर ठेवण्यात राज्याचे नुकसान नाही का? आहे. काही चांगली माणसे या नियमाने अडतील. पण शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष काढायला निघाले तेव्हा त्यांच्यापुढे कुठलेही मंत्रिपद नव्हते, आणि पुढे ते दोघे काँग्रेसमध्ये परतले तरी त्या पहिल्या बाहेर पडण्याची किंमत कमी झाली नाही. काही काळ पदाशिवाय काम करणे ही शिक्षा आहे, असे मानणाऱ्या माणसाच्या तत्त्वावर मतदाराने कशावरून विश्वास ठेवावा?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल; ज्यांनी तो बदलायचा त्यांचा फायदा आहे तसाच तो राहण्यात आहे. तोवर मतदारांच्या आणि पत्रकारांच्या हातात एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात यापुढे कुणी तत्त्वासाठी पक्ष सोडत असल्याचे जाहीर करील, तेव्हा त्याला त्याच पत्रकार परिषदेत दोन प्रश्न विचारावेत. राजीनामा पक्षाध्यक्षांकडे दिला आहे की विधानसभा अध्यक्षांकडेही? आणि या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद घेणार नाही, असे आज लिहून देता का?